काठी आधी की मिसरूड

पैज लागली ती सदूच्या टाळूवरून.

माणसं पैज कशावर लावतात? बैलावर, कोंबड्यावर, नाहीतर नारळी पुनवेला नारळावर. आम्ही मिरजोळ्याची माणसं. आमचे बैल मरतुकडे, आणि कोंबडे मुंबईवाल्या पाहुण्यांच्या पोटात गेलेले. राहिली काय ती शेजाऱ्याची पोरं.

पैज लावणारा माझा शेजारी म्हणजे रावजी. माझ्या दगडी गडग्यापलीकडं त्याचं घर, घराच्या पडवीत विड्याकाड्यांचं दुकान, आणि दुकानापुढच्या चिऱ्यावर बसून गावाची उणीदुणी काढणारा मी, बाबल्या. धंदा बैलगाडीचा. आगबोट लागायची असली की गाडीत पेट्या, वळकट्या, मुंबईला जाणारे बाप्ये आणि रडणाऱ्या बायका भरून मांडवी बंदराला न्यायच्या, आणि येताना नुसत्या रडणाऱ्या बायका परत आणायच्या. बाकी वेळ रिकामा. रिकाम्या वेळात मी काय करायचो ते गावाला विचारा. रावजीच्या तपकिरीच्या डबीत मिरपूड कोणी भरली? पाटलाच्या नव्या जावयाला सुरणाची भाजी अर्धीकच्ची कोणी वाढायला लावली? जावई तीन दिवस घसा खाजवत होता आणि सासरची माणसं समजत होती जावयाला रुसवा आलाय. असो.

तेव्हा दर माघात रत्नागिरीत हुतूतूचे सामने व्हायचे. बाप्यांचे वेगळे, पोरांचे वेगळे. आता पोर कोणाला म्हणायचं? आमच्यात जन्मतारीख कोण ठेवतो? पोराची आवस सांगणार, "वादळात आमचा माड पडला ना, त्याच्या मागल्या पावसात झाला." म्हणून सामनेवाल्यांनी युक्ती काढलेली. मैदानाच्या तोंडाशी दोन खांब पुरायचे आणि त्यांवर आडवी वेताची काठी ठेवायची. ताठ चालत जो काठीखालून जाईल तो पोर. ज्याच्या डोक्याला काठी लागेल तो बाप्या. काठीशी एक ड्रिलमास्तर उभा असायचा. त्याची नजर कायम पोरांच्या गुडघ्यांवर, कारण काठी आली की झाडून सगळी पोरं गुडघ्यात वाकायची. "गुडघे सरळ!" असा तो ओरडला की पिंपळावरचे कावळे उडायचे.

सदू हा पलीकडच्या धाकूचा एकुलता एक. तेव्हा चौदाचा असेल. अंगानं काटकुळा, पण दम असा की चढाईला गेला की बघणारे दोनदा श्वास घेऊन सोडायचे आणि ह्याचं हुतूतू हुतूतू चालूच. समोरचा गडी वैतागून आपसूक अंगावर यायचा, की हा त्याला शिवून परत. आणि पकडीला इद्रीस. इद्रीसचं घर खाली खाडीकडं, पण त्याच्या मोहल्ल्यात संघ नव्हता म्हणून चढण चढून आमच्याकडं यायचा. एकदा का त्यानं घोटा धरला की सोडवायला गडी नाही, देव लागायचा.

तर त्या पौषात दुकानावर बसलेलो असताना पोरं कातळावरून खेळून आली. रावजीनं सदूकडं बघितलं, तपकीर ओढली.

"यंदा जाईल काठीखालून. पण पुढं बघ. पोराची वाढ म्हणजे श्रावणातला बांबूचा कोंब. काठी अशी टण्णकन् वाजेल डोक्यावर!"

"नाय वाजणार."

"वाजेल रे."

"धाकूला बघ," मी म्हटलं. "माझ्या खांद्याला लागतो. आंब्याला आंबाच येणार, माड कुठून येणार?"

"लाव पैज."

"काय लावतोस?"

रावजीनं मिशीला पीळ दिला. त्याची मिशी म्हणजे ओठावर दोन सुकट चिकटवल्यागत. "मिशी," तो म्हणाला.

दुकानावरच्या माणसांनी माना वर केल्या. आमच्यात मिशी उतरते ती बाप गेल्यावर. पण रावजी तापलेला होता, आणि तापलेला रावजी मी कधी सोडलेला नाही.

"मुदत बोल," मी म्हटलं. मी मुदत विचारल्याशिवाय पैज घेत नाही. पळवाट असते ती मुदतीतच.

"सदूला मिसरूड फुटेस्तोवर. त्याच्याआधी काठी लागली, तुझी मिशी. मिसरूड आधी फुटलं, माझी."

आतून रावजीची बायको गोदूबाई कडाडली, "मेल्यांनो, दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर न् तोंडावर पैजा लावताय! त्याच्या आवशीला विचारलंत काय?"

त्याच्या आवशीला, तुळसाला, विचारायची गरज नव्हती. तिची पैज आमच्याआधीच लागलेली होती. धाकू मुंबईला मिलमध्ये लूमवर. त्या वर्षी रजा काढून घरी आलेला. आल्या दिवशी त्यानं पोराचा दंड चाचपून बायकोला सांगितलं होतं, "काठीखालून जातोय तोवर पोर तुझं. काठी लागली की माझं. माझ्या शेजारच्या लूमवर लावतो." तुळसाचे दोन भाऊ असेच एकेक करून बोटीवर चढले होते आणि आता फक्त गणपतीला दिसायचे, तेही एखाद्या वर्षी.  ती सदूच्या भातावर आमसुलाचं सार दुप्पट वाढायला लागली. आंबट खाल्लं की वाढ खुंटते म्हणतात.

आणि मग ती ओलांडायची गंमत झाली.

पोरं दमून धाकूच्या दारच्या खळ्यात आडवी पडलेली. धाकू विहिरीवरून अंघोळ करून आला आणि सरळ सदूच्या अंगावरून ढांग टाकून पडवीत गेला. कोपऱ्यात नाचणी पाखडत बसलेली वाडीतली म्हातारी सोनूबाई किंचाळली, "अरे ओलांडलंस काय पोराला! वाढायचं नाय ते! फीर, उलटा ओलांड, फेड आधी!"

धाकू फिरला. एक पाय उचललाही त्यानं. तेवढ्यात इद्रीस उठून बसला. "चाचा, थांबा! वाढायचा नाय म्हणजे काठी लागायची नाय ना?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग काय विचारता! सदू खळ्याच्या मधोमध पसरला आणि अख्खी वाडी रांगेनं त्याच्यावरून गेली. इद्रीस गेला, संघातली पोरं गेली, मी गेलो. गोदूबाई लुगडं आवरून "देवा, माफ कर" म्हणत गेली. रावजी तेवढा गडग्यावर बसून राहिला. "मी माझी मिशी कशाला घालवू?" म्हणाला. मी त्याला पाठीमागनं उचलला आणि पोत्यासारखा सदूवरून पलीकडं ठेवला. सदू खाली पडून इतका हसत होता की त्याला उचकी लागली. शेवटी तुळसा आली. हसली नाही. हळूच पदर धरून लेकावरून पलीकडं गेली.

सोनूबाई एकटी ओरडत होती, "फेडा रे, फेडा!"

"फेडू गो म्हातारे," धाकू म्हणाला. "सामने होऊन जाऊ देत."

त्या माघात आमची पोरं जिंकली. काठीखालून सदू गेला तेव्हा काठी आणि टाळू यांच्यामध्ये भाकरी शिरली असती. शेवटच्या डावात एका दमात त्यानं समोरचे उरलेले सगळे मारले. गाडीत बसून आम्ही बोंबलत घरी आलो, बैलांच्या शिंगांना हार. धाकूनं पोराला खांद्यावर घेतला होता. दोघांची उंची मिळून एक धड माणूस व्हायचा, असं मी म्हटलं आणि सगळे हसले. धाकूही हसला.

चार दिवसांनी त्याला बोटीवर पोचवायला मी गाडी जोडली. सोनूबाई दारात येऊन म्हणाली, "धाकू, पोराचं फेडून जा."

धाकूनं सदूला हाक मारली. तेव्हा तुळसाच म्हणाली, "राहू दे. पुढल्या वर्षाला कामी येईल."

पावसात आगबोटी बंद असतात. त्या चार महिन्यांत मुंबईत कोण जगलं आणि कोण नाही, ते आम्हाला नारळी पुनवेनंतर पहिली बोट लागली की कळायचं. त्या वर्षी पहिल्या बोटीनं गावचा एक गडी आला आणि त्यानं धाकूच्या वहाणा आणि एक बंडी तुळसाच्या पुढ्यात ठेवली. ताप आला, सहा दिवसांत संपला. तो जाऊन दीड महिना झालेला. कागद घालायचं कोणाच्या जिवावर आलं होतं. दीड महिना तुळसा कुंकू लावून शेत लावत होती, मळणीला पैसे येतील म्हणून सांगत होती.

सदूचं डोकं भादरलं. मिशीचा प्रश्नच नव्हता, ओठावर लव नव्हती.

पुढल्या माघात सदू काठीखालून गेला. इद्रीसला मात्र काठी लागली. त्याच्या पुढल्या माघात आणखी चौघांना. काठी लागली की पोर आधी हिरमुसायचं, मग ओठात हसायचं, आणि होळीनंतरच्या बोटीला माझ्या गाडीत बसलेलं असायचं. नवा शर्ट, तेल लावलेली पेटी. मी गाडी हाकता हाकता थट्टा करायचो, "मुंबईत रस्ता ओलांडताना हुतूतू म्हणत जा रे, ट्राम शिवेल!" बायका रडता रडता हसायच्या. इद्रीस जहाजावर खलाशी झाला. एकेक करून त्या संघाचं सगळं झाड मोकळं झालं. सदू राहिला.

पहिल्यांदा त्यालाही बरं वाटत होतं. गाव म्हणायचं, "सदू हाय तोवर ढाल आपली." त्याच्याभोवती नवी पोरं जमायची, तो त्यांना शिकवायचा, रागवायचा, आणि सामन्यात एकटा सगळ्यांना तारायचा. पण जुने गडी गणपतीला घरी यायचे. एकदा एकानं त्याला चुकून डोक्यावर टपली मारून म्हटलं, "काय रे बाळा, सदू कुठं हाय?" मग ओळखलं, आणि मग दोघंही हसले. सदू थोडा उशिरा हसला.

दारच्या लाकडी मेढीवर त्यानं कोयतीनं उंचीची खूण करून ठेवलेली. येता जाता पाठ लावून उभा राहायचा. खूण जिथल्या तिथं.

सोळा सरल्यावर त्याचा चुलता त्याला मुंबईला घेऊन गेला. तुळसानं अडवलं नाही. काठी लागायची वाट बघून बघून तीच थकली होती. तिला आता त्याच्या खुंटलेल्या वाढीची भीती होती, मुंबईची नव्हती. मी त्याला मांडवीला सोडला, आणि महिनाभरात परतीच्या बोटीवर माणसं उतरवायला गेलो तर किनाऱ्याला लागलेल्या पडावातून वळकटी डोक्यावर घेऊन सदू उतरतोय. चुलता नाही, एकटाच.

गाडीत बसला. मी बैल हाकलले.

"काय झालं रे?"

"हात पोचला नाय, काका."

"म्हणजे?"

"मुकादमानं लूमला उभा केलान. म्हणाला, हात लांब कर. केला. सगळे हसायला लागले. म्हणाला, जा, दूध पिऊन ये. डाक्टरनं दात बघितले. चुलता सांगतोय सोळा, डाक्टर म्हणतोय बारा. पोरं घेतली तर सायबाला दंड पडतो म्हणे."

"गाढव आहे डाक्टर."

"मग मी दम रोखून दाखवला त्यांना," सदू म्हणाला. "म्हटलं, एवढा दम कंच्या पोराचा असतो? तर एक जण म्हणाला, लूमवर दम लागत नाय, हात लागतो."

मी बैलांच्या पाठीवर उगीच चाबूक टेकवला.  

चढणीला बैल हळू झाले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमची न् रावजीकाकांची ती पैज हाय ना? माझ्यावरची?"

"कसली पैज? छे!"

"मला ठाऊक हाय. सगळ्या गावाला ठाऊक हाय." थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही हराल काय हो?"

"हरलो तर मिशी जाईल रे माझी."

"जाऊ दे की," तो म्हणाला. थट्टेत नव्हे.

दुसऱ्या दिवशी तुळसा माझ्या दारात आली. पायात काही नाही, केस तसेच. "भाऊजी, जरा येवा. सदूला ओलांडून जावा. उलटे."

ती सोनूबाईकडं आधी जाऊन आली होती. सोनूबाई आता डोळ्यांनी अधू, अंथरुणाला लागलेली. पण कोण कोण ओलांडून गेलं होतं ते तिला घरवार पाठ. त्या सगळ्यांच्या दारी तुळसा गेली. कोणाच्या पाया पडली, कोणाला नुसतं "येवा" म्हणाली.

खळ्यात तिनं घोंगडं अंथरलेलं आणि त्यावर सदू. सोळा वर्षांचा सदू, तोंडावर पंचा ओढून घेतलेला. लाज वाटत असणार. पण असा तोंड झाकून निजवलेला माणूस आम्ही खळ्यात बघतो तो मयताच्या वेळीच. वाडी पुन्हा रांगेनं गेली, या खेपेला उलटी. कोणी हसलं नाही. रावजी माझ्याआधी गेला. पलीकडं पोचल्यावर म्हणाला, "मला उचलून ठेवला होता, माझं धरायचं काय?" तुळसा म्हणाली, "धरायचं." तर तो पुन्हा अलीकडं आला आणि म्हणाला, "बाबल्या, उचल." मी त्याला उचलून पलीकडं ठेवला. माणूस जड झाला होता, की मीच म्हातारा झालो होतो.

मुंबईची पोरं गणपतीला आली तशी तुळसानं एकेकाला धरून आणली. इद्रीस कुठल्या तरी लांबच्या बंदरात होता. तो घरी आला ते दिवाळी उलटून गेल्यावर. आईनं, आसियानं, त्याला निरोप सांगितला असणार, कारण घरी पेटी ठेवून तो तसाच चढण चढून आला. उंच, कोट घातलेला, दाढी राखलेली. बूट बाहेर काढले. सदू पुन्हा घोंगड्यावर आडवा, तोंडावर पंचा. "बिस्मिल्ला" म्हणून सदूवरून उलटा गेला, आणि मग त्याच्याशेजारी जमिनीवर बसला.

"ऊठ रे. आता वाढला नाहीस तर दर्यात बुडवीन."

"बुडव," पंचाखालून सदू म्हणाला. "दम हाय माझा. वर येईन."

इद्रीसनं त्याच्या तोंडावरचा पंचा काढला नाही. त्याच्या घोट्यावर हात ठेवून बसून राहिला, जुन्या पकडीसारखा.

सगळे झाले. एक राहिला. पहिली ढांग ज्याची पडली होती तो.

तुळसा घरात गेली आणि धाकूच्या वहाणा घेऊन आली. दोन्ही हातांत वहाणा घालून ती लेकाशेजारी गुडघ्यांवर बसली. मग जमिनीवर एक वहाण टेकवली, दुसरी टेकवली, धाकू जसा थोडा फेंगडा चालायचा तशी. लेकाच्या कमरेपाशी आली आणि एक हात उचलून पलीकडं टेकवला, मग दुसरा. पलीकडं पोचल्यावर ती तशीच ओणवी राहिली. "फिटलं काय गो?" तिनं सोनूबाईच्या घराकडं तोंड करून विचारलं. सोनूबाईचं घर चार गडगे लांब.

मेढीवरची खूण त्यानंतरही जिथल्या तिथं.

पुढं एके सकाळी मी दुकानावर गेलो तर रावजी मिशीवर हात ठेवून बसलेला.

"दात दुखतोय काय?"

"फुटलं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"मिसरूड. सदूला. काल काडेपेटी घ्यायला आला, उजेडात बघितलं. मी हरलो, बाबल्या."

मी सदूला रोज बघत होतो. मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं.

"मिसरूड नाय ते," मी म्हटलं. "चुलीचा धूर बसलाय."

"धूर ओठावरच बसतो?"

"फुंकणीनं फुंकतो ना तो? तिथंच बसणार."

रावजीनं माझ्याकडं बघितलं. बाबल्यानं जिंकलेली पैज सोडून दिली असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मिशीवरचा हात काढला आणि न मागता मला एक विडी दिली. त्यानंतर त्या पैजेचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही.

माघ आला. सदू सतरा सरून अठरात. खरं तर त्यानं जायला नको होतं. पण खाली गावात त्याला कोणी कामाला लावत नव्हतं. खाणीवरचे चिरे उचलायला पोर म्हणून नको, आणि गुरं राखायला बाप्या म्हणून नको. आणि वाडीतली लहानगी त्याला सोडत नव्हती. "सदूदादा, तू नसलास तर आमी कसं?" तुळसाही माझ्या गाडीत बसली. सामन्याला ती कधी आली नव्हती, धाकू असतानासुद्धा. का आली ते मी विचारलं नाही.

मैदानावर गर्दी होती. काठीशी तोच ड्रिलमास्तर, आता पांढरा झालेला, आवाज तेवढाच. आमची लहानगी एकेक करून काठीखाली शिरली. "गुडघे सरळ! ए तू, गुडघे!" सगळी गेली. मग सदू पुढं झाला.

समोरच्या संघाबरोबरची माणसं ओरडायला लागली. "ओ आजोबा! नातवंडं सोडायला आलात काय?" "मास्तर, ह्याची मिशी मोजा, उंची नको!" "ह्याच्या पोराला बोलवा, तो जाईल खालून!" सगळं मैदान हसलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो, आणि त्याहून चांगलं काहीतरी ओरडलो असतो.

ड्रिलमास्तरनं हात वर केला. "वयाचा नियम नाय. काठीचा नियम. चल रे पुढं."

सदू काठीखाली जाऊन उभा राहिला. चालत गेला नाही, उभा राहिला. काठी आणि टाळू यांच्यामध्ये अजून तीच भाकरीएवढी फट. ड्रिलमास्तरनं खाली बघितलं. गुडघे सरळ होते.

मग सदूच्या टाचा उचलल्या.

सावकाश उचलल्या. घाई नाही, चोरी नाही. पोटऱ्या ताठल्या, पायांची बोटं मातीत रुतली. मान लांब झाली, हनुवटी वर. चढाईत शेवटच्या दमाला त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. तो श्वास धरून होता. त्याच्या टाळूला काठी लागली, हलली, एका खांबावरून सुटली आणि त्याच्या खांद्यावरून घसरून मातीत पडली.

 इतक्या वर्षांत त्या काठीखाली लहान व्हायला बघणारी पोरं सगळ्यांनी बघितली होती. हे कोणी बघितलं नव्हतं.

ड्रिलमास्तर खाली बघत राहिला. गुडघ्यांकडं, मग टाचांकडं. मग वर, त्या ओठावरच्या मिसरुडाकडं.

"लागली," तो म्हणाला. "बाप्यांत जा."

"अहो मास्तर, टाचा!" कोणीतरी ओरडलं. "टाचा वर केल्यान त्यानं!"

"मी गुडघे बघतो," ड्रिलमास्तर म्हणाला. "गुडघे सरळ होते."

सदूच्या टाचा टेकल्या. त्यानं वाकून काठी उचलली, मास्तरच्या हातात दिली आणि खांबांच्या बाहेरून वळसा घालून आमच्याकडं, बाप्यांच्या गर्दीत येऊन उभा राहिला. त्याला तिथून मैदान दिसत नव्हतं. पुढच्या माणसांच्या पाठी दिसत असतील. गाडीत तुळसानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

मैदानाच्या कडेला पिंपळाखाली विठू न्हावी धोकटी मांडून बसतो. मी जाऊन त्याच्यापुढं बसलो.

"दाढी?"

"मिशी."

विठूचा हात थांबला. "कोण गेलं रे, बाबल्या?"

"कोणी नाय. पैज हरलो."

रावजी धावत आला, धापा टाकत. "ऊठ! ऊठ तिथनं! मिसरूड आधी फुटलंय, सगळ्यांनी बघितलंय. मी हरलोय, मी बसतो!"

"काठी लागली, रावजी."

"अरे टाचा—"

"तू बघितल्यास टाचा?" मी म्हटलं. "मी नाय बघितल्या. मास्तरानं पण नाय बघितल्या. सगळ्या मैदानापुढं काठी लागली, खाली पडली. तू जिंकलास. गप उभा राहा आणि मोजून बघ, केस ठेवत नाय ना हा कुठं."

रावजी धापा टाकत तिथंच उभा राहिला.  माणसं जमली. मिरजोळ्याचा बाबल्या मिशी देतोय म्हटल्यावर जमणारच. इतकी वर्षं मी ज्यांना ज्यांना गंडवलं होतं ती सगळी पुढं सरकली.  गर्दीत वाट काढून सदू पुढं आला. माझ्या अगदी समोर उभा राहिला. मी बसलेलो, तो उभा, आमची डोकी जवळजवळ सारखी. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळा मारला. तो हसेल असं वाटलं होतं.

विठूनं पाणी लावलं. वस्तरा चामड्यावर घासला. एक बाजू गेली. ओठाला वारा लागला, गार.

मैदानात आमच्या लहानग्यांची चढाई सुरू झाली. हुतूतू, हुतूतू, कोवळा आवाज, घाईघाईचा. सदूची मान तिकडं वळली. त्याच्या छातीनं श्वास घेतला आणि धरून ठेवला. तिकडं दम मध्येच तुटला, आणि समोरच्या लोकांनी आरोळी ठोकली.

विठूनं वस्तरा पंचाला पुसला, माझी हनुवटी धरली आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं.